एआयने लिहिलेल्या असाइनमेंटा: आपापले अनुभव टाका

मास्तरीणबाई
काल पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी गर्दीत अडकले आणि एसवायचा एक जुना गठ्ठा आठवला. चॅटजीपीटी नवं नवं होतं. विषय दिला, १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ. मुद्दाम गावातला, म्हणजे पोरं घरी कोणाला तरी विचारतील. कसलं काय! निम्म्या वह्यांची सुरुवात एकच, "सोलापूरचा इतिहास समृद्ध व प्रेरणादायी आहे." एकाने चौघांना फाशी सोलापुरातच देऊन टाकली. अरे, येरवड्याला, १२ जानेवारी १९३१! एकीने संदर्भग्रंथ दिले, पान नंबरासकट. लायब्ररीत शोधशोध शोधले. त्यातलं एकही पुस्तक कोणी लिहिलेलंच नाही.
शिकवणारे, शिकणारे, आईबाप, सगळे लिहा.

शेंगाचटणी
ते पहिलं वाक्य आम्ही एआयशिवाय पण लिहायचो की ओ मॅडम

हुरडा_पार्टी
झेरॉक्सच्या दुकानात तयार असाइनमेंटा मिळायच्या तेव्हा कोणी धागा काढला नाही. आमच्या एका मित्राने सीनियरचं जर्नल उतरवताना त्याचा रोल नंबर पण उतरवलेला. सरांनी सही केली.

शेंगाचटणी
@हुरडा_पार्टी सरांनी तरी कुठं वाचलं बे

लूमवाल्याची_पोर
मी दुसरी बाजू सांगते. घरी तेलुगू, शाळा मराठी, इंजिनिअरिंगला एकदम सगळं इंग्रजी. वर्गात शंका विचारली की मागून हसायचे. मग रात्री फोनवर एआयला विचारायचे, एन्ट्रॉपी मराठीत सांग, अजून सोपं करून सांग, परत सांग. ते वैतागत नाही. गणितं मात्र चुकवायचं, उत्तर पुस्तकाशी ताडून बघायची सवय लागली. त्या सवयीनेच पास झाले म्हणा.
एकदा जॅकार्ड मागाच्या छिद्रांच्या कार्डांवरून कम्प्युटरची पंचकार्डं कशी आली ते वाचलं आणि पप्पांना सांगितलं. त्यांचा जन्म जॅकार्डवर चादरी विणण्यात गेलाय. म्हणाले, मग आम्हाला पण इंजिनिअर म्हणा की.

पुण्यातला_सोलापूरकर
पप्पांना नमस्कार सांगा. चादरीचं निघालंच आहे तर अस्सल कुठे मिळेल? हायवेला सोलापुरी म्हणून भलतंच गळ्यात मारतात.

मी_अशोक_चौक
मॅडम, ती पुस्तकं आली कुठून सांगतो. एआय शोधत नाही, मागच्या शब्दांना पुढे कुठला शोभेल ते जुळवत जातं. लेखकाचं आडनाव, "पुणे", एखादं साल, सगळं शोभतं. खरं का खोटं हा प्रश्नच त्याच्याकडे नाही. त्यात मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा कितीतरी कमी, सोलापूरवरचा त्याहून कमी, म्हणून जास्त ठोकतं. आता इंटरनेटवर शोधून लिंक देतं, पण ती उघडून वाचायची कोणी?
पाणी आलंय, बाकी नंतर.

हुरडा_पार्टी
आज आमच्याकडे पण आलं. बादल्या भरा आधी.

वहिनीसाहेब
माझं उलटं झालं. पीएचडीचं प्रकरण रात्र रात्र जागून स्वतः लिहिलं आणि कुठल्याशा डिटेक्टरने एआयचं ठरवलं. कॉलेजचं नाव नको. माझी शुद्ध, सपाट इंग्रजी नडली. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचं डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये अचूक नाही म्हणून बंद केलं, हे मीच गाइडना दाखवलं. शेवटी कच्चे खर्डे, खाडाखोडीसकट, टेबलावर ठेवले तेव्हा सुटले. पोरांनो, खर्डे फेकू नका.

मास्तरीणबाई
@वहिनीसाहेब, वाचून वाईट वाटलं. मी डिटेक्टर वापरतच नाही. आता एआयचंच उत्तर छापून वर्गात वाटते, यातलं चुकीचं काय ते पुराव्यासकट दाखवा म्हणते. पोरं तुटून पडतात. आणि लिहिलेल्यावर तोंडी.

नवा_प्राध्यापक
मॅडम, वर्गात शंभरावर पोरं आणि मी तासिका तत्त्वावर. तोंडी कधी घेऊ? त्याचे पैसे पण नाहीत.

मास्तरीणबाई
सगळ्यांची नाही हो जमत. मी रोल नंबरच्या चिठ्ठ्या टाकते, निघतील त्यांचीच घेते. कोणाचा निघेल माहीत नसतं, म्हणून बाकीचे पण आपलंच लिहिलेलं वाचून येतात. पैशांचं मात्र खरं आहे तुमचं. त्यावर मला उत्तर नाही.

शेंगाचटणी
चिठ्ठ्या! बरं झालं आम्ही आधीच पास झालो.

लूमवाल्याची_पोर
@पुण्यातला_सोलापूरकर पप्पा विचारतायत, सिंगल पाहिजे का डबल?