मदत हवी आहे: जलरंगाखाली न पसरणारी काळी रेघ

पेन्सिलच्या चित्रावर पेनाने रेघ ओढून वर जलरंग लावायचा आहे. विषय जुने वाडे आणि झाडं, आकार ए-फोर, कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कोल्ड प्रेस, पृष्ठभाग खरखरीत. जेल पेनच्या रेघेवरून ओला ब्रश फिरला की काळं पसरतं आणि पिवळा मळकट होतो. खोडरबर फिरवला की रेघ फिकी पडते ते वेगळंच. तीनच पेनं घ्यायची तर कोणत्या नंबरची?

रेघोट्या:
पेनावर ‘पिगमेंट’ (पाण्यात न विरघळणारे रंगकण) आणि ‘वॉटरप्रूफ’ हे दोन्ही शब्द हवेत. नुसतं ‘परमनंट’ लिहिलेला मार्कर नको, तो कागदात पसरतो.

नंबरांचा घोळ असा: साकुरा कंपनीच्या मायक्रॉन पेनावरचा ००५ म्हणजे ०.०५ नव्हे, ०.२० मिमी. ०१ म्हणजे ०.२५, ०३ म्हणजे ०.३५, ०५ म्हणजे ०.४५ आणि ०८ म्हणजे ०.५० मिमी. स्टेडलर कंपनीच्या पिगमेंट लायनर पेनावर मात्र ०.३ म्हणजे ०.३ मिमीच. त्यामुळे दोन कंपन्यांचे नंबर शेजारी ठेवून तुलना करू नका.

तुमच्या कागदाला ०३, ०५, ०८ घ्या. ००५ चा मोह टाळा. त्याचं टोक धातूच्या बारीक नळीत बसवलेलं असतं. खरखरीत कागदावर दाब पडला की टोक आत जातं आणि नळीच कागद ओरबाडते. पेन जवळजवळ उभं धरा. बाह्यरेषेला ०५, खिडक्यांचे गज आणि पानांना ०३, वळचणीखालच्या सावलीच्या कडेला ०८.

फिकेपणाचं कारण पेन नाही, पेन्सिल आहे. ग्रॅफाइटचा थर जाड असला की शाई कागदापर्यंत पोचतच नाही, वरच बसते आणि खोडरबराबरोबर निघून जाते. शाईआधी मळून वापरायचा खोडरबर नुसता टेकवून उचला, पेन्सिल जेमतेम दिसेल इतकीच ठेवा. २एच नको, चरे पडतात. हलक्या हाताने एचबी. ०८ च्या रेघा खोडून झाल्यावर ओढा.

दौतटाक:
रेघ जाड-बारीक हवी असेल तर जी-निब (शाईत बुडवून वापरायची, दाबाप्रमाणे रेघ बदलणारी निब) आणि वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. नव्या निबवर तेलाचा थर असतो, शाईचे थेंब होतात. आधी साबणाने धुवून पुसा. पण कोल्ड प्रेसवर निबमध्ये कागदाचे तंतू अडकतात, त्यासाठी हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागद बरा. आणि ही शाई फाउंटन पेनात कधीच भरू नका, लाखेचा अंश असेल तर फीड (निबला शाई पोचवणारा भाग) कायमचा तुंबतो.

प्रश्नकर्ता:
शाई किती वेळ वाळू द्यायची?

रेघोट्या:
त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर एक रेघ तासापूर्वी, एक १५ मिनिटांपूर्वी, एक ५, एक १ मिनिटापूर्वी, अशा चार ओढा आणि सगळ्यांवरून एकदम ओला ब्रश फिरवा. न हललेल्यांपैकी सर्वांत नवी रेघ जितकी जुनी, तो तुमचा वेळ. पावसाळ्यात पुन्हा तपासा.

अपारदर्शक पिवळा काळ्यावर दुधाळ साय सोडतो. तिथे आधी रंग, मग रेघ. मात्र हाताची मागची बाजू टेकवून कागद गार लागला तर तो अजून ओला आहे, पेन लावू नका.