प्रोस्टेटचं ऑपरेशन: टीयूआरपी, होलेप की आणखी काही? (अनुभव धागा)

प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडते, गोळ्या पुरेनाशा झाल्या, डॉक्टर ऑपरेशन म्हणाले, आणि घरात प्रश्न पडला: कुठलं? एक म्हणतो लेसर (होलेप: होल्मियम लेसरने ग्रंथी आतून सोडवून काढणं), दुसरा म्हणतो 'साधं दुर्बिणीचं' (टीयूआरपी: लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून ग्रंथी विजेच्या कड्याने खरवडणं), शेजारचे काका तिसरंच सांगतात. या धाग्यावर रोज हे काम करणाऱ्यांनी आपापल्या टेबलावरचं लिहावं: शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि वॉर्डातली मंडळी, विम्याच्या फायली हलवणारे. 'आमच्या मामांचं असं झालं' नको. आकडे, पायऱ्या, काय बिघडतं आणि का, एवढंच. कर्करोगासाठी अख्खी ग्रंथी काढतात ते ऑपरेशन वेगळं, ते इथे नको.

दुर्बीणवाला

सुरुवात 'लेसर की साधं' इथून करूच नका. आधी चार गोष्टी कागदावर हव्यात: ग्रंथीचा आकार, तिचा घाट, धारेचा वेग आणि लघवी झाल्यावर आत उरलेली लघवी.

आकार सोनोग्राफीत लांबी × रुंदी × उंची × ०.५२ असा काढतात. १ घनसेंमी म्हणजे साधारण १ ग्रॅम. निरोगी ग्रंथी २० ग्रॅमच्या आसपास. ३० च्या आत असेल आणि मधला भाग वाढलेला नसेल तर नुसता मूत्राशयाच्या तोंडाशी छेद देऊनही भागतं, खरवडायची गरज नसते. ३० ते ८० हा टीयूआरपीचा घरचा प्रांत. ८० च्या पुढे होलेप, किंवा ते होत नसेल तिथे पोट उघडून. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीचा आकडा १०-१५ ग्रॅमने इकडेतिकडे होतोच, त्यामुळे ७८ आणि ८२ यांत भांडू नये.

घाट जास्त महत्त्वाचा. मधला भाग मूत्राशयात १० मिलिमीटरहून जास्त घुसला असेल तर तो झडपेसारखा दारावर बसतो. अशा रुग्णाला गोळ्यांचा गुण कमी येतो आणि काही नव्या उपायांतून तो बादही होतो.

धारेच्या तपासणीत किमान १५० मिली लघवी झाली नसेल तर तो आलेख फाडून टाका. दवाखान्याच्या बाथरूममध्ये, बाहेर रांग असताना, संकोचाने ६० मिली झाली आणि वेग ६ आला, याला काही अर्थ नाही. पुरेशी लघवी होऊनही सर्वाधिक वेग सेकंदाला १० मिलीच्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता मोठी.

मात्र वेग कमी म्हणजे अडथळाच असं नाही. मधुमेह जुना, किंवा तुंबून एकदम लिटरभराच्या वर लघवी निघालेली असेल तर मूत्राशयाचा स्नायूच थकलेला असू शकतो. दार कितीही मोठं केलं तरी पंप चालत नसेल तर लघवीची नळी निघत नाही. अशांना आधी युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशयाचा दाब आणि जोर मोजणारी) करावी. 'ऑपरेशन फेल गेलं' म्हणतात त्यातली बरीच प्रकरणं मुळात इथे चुकलेली असतात.

ओटीतला

टीयूआरपी एक नाही, दोन आहेत. कोणतं होणार ते विचारा.

मोनोपोलरमध्ये तारेच्या कड्यातून वीज अंगातून मांडीवरच्या पट्टीकडे जाते. पोकळी फुगवायला सलाइन वापरता येत नाही, कारण मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. म्हणून १.५ टक्के ग्लायसिन. घाईत सलाइनची बाटली टांगली गेली की कडं कापतच नाही, सर्जन मशीन वाढवा म्हणतो, आणि दोष असतो स्टँडवर. बायपोलरमध्ये वीज कड्यापुरतीच फिरते, त्यामुळे सलाइन चालतं. पेसमेकर असेल तर बायपोलर बरं.

पाण्याची पिशवी रुग्णाच्या पातळीपासून ६० सेंमीपेक्षा उंच नको. उंच टांगली की चित्र स्वच्छ दिसतं म्हणून मोह होतो, पण तितकंच जास्त पाणी उघड्या शिरांतून आत शिरतं. पाणी कोमट हवं. एका ऑपरेशनला १५-२० लिटर थंड पाणी आतून फिरलं तर म्हातारा माणूस कुडकुडतो, रक्तस्रावही वाढतो.

सुईवाला भूलतज्ज्ञ

ओटीतल्यांनी पाण्याचं लिहिलं ते पुढे नेतो. ग्लायसिन रक्तात शिरलं की सोडियम पातळ होतं. म्हणूनच मोनोपोलरला ६० मिनिटांची लक्ष्मणरेषा आहे, आणि म्हणूनच ९० ग्रॅमची ग्रंथी त्या पद्धतीने एका बैठकीत खरवडू नये. मिनिटाला ग्रॅमभर कापलं जातं, हिशेब तुम्हीच करा.

कमरेतून भूल देण्याचं मोठं कारण हेच. रुग्ण जागा असतो. वारंवार जांभया, अस्वस्थपणा, मळमळ, 'दिसत नाहीये नीट' असं म्हणणं, ही पहिली खूण. सोडियम १२५ च्या खाली गेलं की गोंधळ वाढतो, पुढे झटके. पूर्ण भुलीत यातलं काही कळत नाही. बायपोलरला आणि होलेपला सलाइन असल्याने सोडियम घसरत नाही. पण पाणी अंगात शिरतंच, हृदय कमकुवत असेल तर फुफ्फुसात साचू शकतं. 'लेसर म्हणजे धोका नाही' हे जाहिरातवाल्यांचं वाक्य.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवता येते. क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवतात, तेही हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यानेच. स्टेंट नवा असेल आणि ऑपरेशनची घाई नसेल तर ऑपरेशन थांबतं, गोळी नाही. स्वतःच्या मनाने गोळी बंद करून भरती व्हायला येऊ नका.

होलपून_काढा

संत्र्याची उपमा सगळे देतात, मीही देतो. टीयूआरपी म्हणजे संत्र्याच्या आतून चमच्याने खरवडणं. होलेप म्हणजे सालीच्या आतून बोट फिरवून फोडी अख्ख्या सुट्या करणं. पूर्वी हेच बोटाने, पोट उघडून करायचे. १९०१ मध्ये पीटर फ्रेयर यांनी लंडनमधून मूत्राशयातून ग्रंथी काढण्याची पद्धत मांडली. त्याआधी ते भारतातल्या वैद्यकीय सेवेत होते. १९४५ मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता जाण्याचा मार्ग दाखवला. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात बोटाऐवजी होल्मियम लेसर आणला. संत्र्याची साल तीच, हत्यार बदललं.

होल्मियमची लहर २१४० नॅनोमीटर, पाण्यात शोषली जाते, अर्धा मिलिमीटरसुद्धा खोल जात नाही. कापता कापता शीर बंद होते, म्हणून रक्त कमी जातं आणि नळी बहुधा दुसऱ्या दिवशी निघते. ग्रंथी १५० ग्रॅमची असली तरी पोटावर टाका नाही.

बिघडतं कुठे? दोन जागी. पहिली, ग्रंथीच्या खालच्या टोकाशी. लघवी धरून ठेवणारा स्नायू तिथेच असतो. तिथे ग्रंथी ओढून सोडवली की नळी काढल्यावर खोकताना, उठताना लघवी सुटते. बहुतेकांची ३ महिन्यांत थांबते, पण तोवर पॅड लागतो, हे आधी सांगितलेलं बरं. दुसरी जागा मॉर्सेलेटर. सुटी केलेली ग्रंथी मूत्राशयात ढकलतात आणि शोषून घेत बारीक करणारी दोन पाती आत घालतात. मूत्राशय गच्च फुगलेलं हवं. पाणी कमी पडलं किंवा रक्ताने चित्र गढूळ झालं तर पात्यात मूत्राशयाची भिंत येते. काही गाठी गोट्यांसारख्या कडक असतात, पात्यावरून टणकन उडत राहतात. तासभर त्यांच्यामागे पळण्यापेक्षा तारेच्या कड्याने तुकडे करावेत.

हे शिकायला वेळ लागतो. हात बसायला ५० च्या आसपास ऑपरेशनं धरतात. तेव्हा विचारायचा प्रश्न 'मशीन किती वॉटचं' नव्हे. 'माझ्याएवढ्या ग्रंथीची तुम्ही महिन्याला किती करता' हा. ५० ग्रॅमच्या ग्रंथीला वर्षानुवर्षं बायपोलर करणारा हात, नुकतंच लेसर घेतलेल्या हातापेक्षा केव्हाही भला. (लेसर विकणारे रागावतील. रागावोत.)

कट्ट्यावरचा_जीपी

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात, कारण रुग्ण मोबाइलवर वाचून येतात.

हिरवा लेसर ५३२ नॅनोमीटरचा, रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो आणि ग्रंथीची वाफ करतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थांबवता येत नाहीत अशांना सोयीचा. पण तपासायला तुकडाच उरत नाही.

रेझुम: १०३ अंशांची वाफ, एका टोचणीला ९ सेकंद. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषतं, म्हणून गुण यायला आठवडे ते ३ महिने. आधी काही दिवस नळी राहते आणि जळजळ वाढते. 'वाफ देऊन आलो, काहीच फरक नाही' असं आठव्या दिवशी म्हणणाऱ्यांनी थांबावं.

यूरोलिफ्ट: काही कापत नाहीत, बाजूचे भाग चिमटे घालून मागे ओढून ठेवतात. मधला भाग मोठा असेल तर फारसा उपयोग नाही.

रक्तवाहिनी बंद करण्याचा उपाय रेडिओलॉजिस्ट मांडीतून किंवा मनगटातून करतात. भूल पेलणार नाही अशांना कामाचा, परिणाम टीयूआरपीएवढा नाही.

आणि कोणी विचारत नाही ती गोष्ट: टीयूआरपी किंवा होलेपनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. दहांतल्या सात-आठ जणांना होतं. ताठरता वेगळी, संवेदना वेगळी. ज्याला हे चालणार नाही त्याने ऑपरेशनच्या आधीच तोंड उघडावं. रेझुम आणि यूरोलिफ्ट निवडण्याचं खरं कारण बहुतेकदा हेच असतं.

रात्रपाळी_सिस्टर

ऑपरेशन तास-दोन तासांचं, नळी पुढचे दोन दिवस आमच्याकडे. तीन तोंडांची, २२ नंबरची, फुगा ३० ते ५० मिली. एका तोंडाने सलाइन आत, दुसऱ्याने बाहेर.

नातेवाइकांनी पिशवीकडे नाही, नळीकडे बघावं. गुलाबी, रोझ सरबतासारखी: ठीक. टोमॅटो सूपसारखी: ठिबक वाढवायला सांगा. वरून थेंब पडताहेत पण खाली पिशवी भरत नाही, पोट टणक, रुग्ण 'लघवी लागली' म्हणून ओरडतोय: गुठळी अडकली. त्या वेळी ठिबक वाढवायची नाही, आधी बंद करायची आणि आम्हाला हाक मारायची. ५० मिलीच्या सिरिंजने धुतलं की बहुधा काळी गुठळी निघते आणि पाच मिनिटांत माणूस झोपतो. पाणी खाली वाहतंय, तरी कळ येते आणि नळीच्या बाजूने ओलं होतं, तर ती मूत्राशयाची उबळ. तिला गोळी आहे, नळी बदलायची नाही.

किती आत गेलं, किती बाहेर आलं याचा कागद पलंगाला असतो. पिशवीतलं मोजल्याशिवाय ओतू नका.

नळी पहाटे सहाला काढतो ते उगाच नाही. दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर डॉक्टर हजर असतात. रात्री काढली तर सगळ्यांचीच पंचाईत.

टीपीए_टेबल

टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दाव्याच्या फायली बघणारे. वाढलेल्या प्रोस्टेटला अनेक पॉलिसींत २ वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. हिरवा किंवा होल्मियम लेसर विमा नियामकाच्या 'आधुनिक उपचार' यादीत आहे. म्हणजे विमा कंपनीला तो नाकारता येत नाही, पण त्यावर मर्यादा लावता येते. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. अशा ३ लाखांच्या पॉलिसीत लेसरला जास्तीत जास्त दीड लाख मिळेल. पूर्वपरवानगीच्या अर्जावर 'दुर्बिणीने प्रोस्टेट' असं मोघम लिहून पाठवलं आणि बिलात लेसर फायबर आलं की फाइल अडकते. पद्धतीचं पूर्ण नाव लिहून घ्या.

कट्ट्यावरचा_जीपी

घरी गेल्यावरचं राहिलं. दहाव्या ते चौदाव्या दिवशी आतली खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होते. पाणी वाढवा, बहुतेकदा दिवसभरात निवळते. गुठळ्या पडल्या किंवा तुंबली तर थेट हॉस्पिटल. महिनाभर जोर करायचा नाही: इसबगोल चालू, स्कूटर बंद, गॅसचा सिलिंडर दुसऱ्याने उचलायचा.

टॅमसुलोसिन (लघवी मोकळी करणारी प्रोस्टेटची गोळी) घेणाऱ्यांनी, बंद केली असली तरीही, मोतीबिंदूच्या सर्जनला जरूर सांगावं. बुबुळाचा पडदा ऐनवेळी ढिला पडतो.

फॉर्मॅलिन

पॅथॉलॉजीतून एकच. काढलेले तुकडे आमच्याकडे येतात, त्याचा रिपोर्ट नेला का? बरेच जण नेत नाहीत. कधीकधी त्यात कर्करोगाचा छोटा भाग सापडतो. आणि रिपोर्ट चांगला आला तरी ग्रंथीची साल (बाहेरचा थर) आत शिल्लक असते, त्यामुळे पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) संपत नाही. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (ग्रंथी आकसवणाऱ्या गोळ्या) सहा महिने घेतलं असेल तर ऑपरेशनआधीचा आकडा दुपटीने वाचायचा: कागदावर ३ म्हणजे ६. गोळीचं नाव मागणीपत्रावर लिहिलेलं नसेल तर तो ३ आम्हालाही ३ च दिसतो.