कोकणातल्या ट्रान्स मित्रमैत्रिणींसाठी मदतीची पेटी काढतोय. पैसे कुणाकडे ठेवायचे?

माडाखालची (देवगड तालुका)
आम्ही सहा जण आहोत, देवगड ते सावंतवाडी विखुरलेले. चौघी ट्रान्स बायका, दोघे ट्रान्स पुरुष. गणपतीच्या आधी आमच्यातल्या एकीला घरच्यांनी सांगितलं, "मुंबईची माणसं यायची आहेत, तेवढे दिवस कुठेतरी जा." दोन रात्री ती कणकवली स्टेशनवर बसून होती. आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. फोनाफोनी करून ३,४०० रुपये जमवले आणि कुडाळात एका ओळखीच्या बाईंकडे तिची सोय केली. तिचा धाकटा भाऊ गुपचूप करंज्या देऊन गेला, बाकी कुणी फिरकलं नाही.

आता दर महिन्याला शंभर-शंभर रुपये काढायचं म्हणतोय. पण खातं कुणाच्या नावावर? कुणाला किती द्यायचे ते कोण ठरवणार? आणि आमच्यातल्या तिघांच्या घरी काहीच माहीत नाही, मग हिशोबात नावं लिहायची कशी?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
बाय, आमची पेटी पुरातून निघाली. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा आम्ही तिघी तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत होतो. जीव वाचला, कागद गेले. नंतर गावोगावहून मदत आली, भरपूर आली, ते नाकारत नाही. पण एका ठिकाणी किटसाठी रेशनकार्ड मागितलं. आमची नावं घरच्यांनी कधीच कमी केलेली. दुसरीकडे बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी; आम्हाला दोन्हीकडून परत पाठवलं. शेवटी तांदूळ आला तो आमच्याच समाजातल्या एका गुरूकडून, टेम्पोत घालून. मंगतीचे, म्हणजे लोकांकडे मागून आणलेले, पैसे होते ते. मंगतीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, आमचा तो महिना त्यावर निघाला.

आता चूक सांगते, ती तुम्ही करू नका. आम्ही सुरुवातीला उसने द्यायचो. एकीला खोलीच्या डिपॉझिटला ८,००० दिले. तिला फेडता येईनात. आम्ही कुणी तोंडाने मागितले नाहीत, पण ती समोरून यायची बंद झाली. पैसे गेले त्याचं काही नाही, माणूस गेलं. तेव्हापासून परत घ्यायचं नाही, द्यायचं आणि विसरायचं. भिशी हवी तर वेगळी काढा, तिची वही वेगळी.

१,५०० पर्यंत कारण विचारत नाही. त्यावर असेल तर तिघांनी हो म्हणायचं. वहीत कारणाचा रकानाच नाही. नावांच्या जागी झाडं लिहितो: सुरंगी, रतांबा, फणस. कोण कुठलं झाड ते दोघींनाच ठाऊक.

खात्याचं म्हणशील तर, संस्था नोंदवायला सात माणसं लागतात, शिवाय नावं-पत्ते कागदावर येतात. घरी माहीत नसलेल्यांना ते झेपणार नाही. आमच्यातल्या एकीच्या नावावर वेगळं बचत खातं आहे, त्यात तिचा स्वतःचा एक रुपया नाही. पासबुक दुसरीकडे. दर पाच तारखेला पासबुकाचा फोटो ग्रुपवर.

सरळमार्गी
शंका विचारतो, राग नसावा. सरकारचं ओळखपत्र मिळतं, आयुष्मानमध्ये ५ लाखांपर्यंतचे उपचार जाहीर झालेत. मग शंभर-शंभर रुपयांनी काय होणार?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
राग कशाला? ओळखपत्र मी २०२३ मध्ये काढलं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याप्रमाणे सरकारी पोर्टलवर अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडून. तेव्हा मला डॉक्टरी तपासणी लागली नाही. आता नियम काय आहेत ते अर्ज करण्याआधी पोर्टलवर बघूनच घ्या. पण नोटरी, रत्नागिरीला दोनदा एसटी आणि काजूच्या कारखान्यातली दोन दिवसांची बुडालेली मजुरी, हे कुठल्या योजनेत बसवू? मला पेटीतून मिळाले.

गावकीची खोली (मूळ गुहागर, सध्या परळ)
माझे आजोबा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. गावातली सगळी माणसं एकाच खोलीत, पाळीपाळीने झोपायची, ट्रंका भिंतीला, महिन्याला वर्गणी. गिरणी सुटलेल्याला कुणी बाहेर काढत नसे. तेव्हा घरी विचारलंच तर "मंडळ काढतोय" म्हणा. कोकणात मंडळाचं कुणाला नवल वाटत नाही.

एक मात्र लक्षात घ्या. मी ट्रान्स पुरुष आहे. आम्हाला घरातून काढत नाहीत, घरात कोंडतात आणि स्थळं बघतात. मला खोलीच्या आधी लागलं ते तुतारी एक्सप्रेसचं तिकीट आणि घरच्यांना माहीत नसलेलं एक सिमकार्ड. दोन्ही एका मैत्रिणीने घेऊन दिलं. तुमच्या पेटीत तिकिटापुरते पैसे कायम हातात राहू द्या, खात्यातले काढायला वेळ मिळेलच असं नाही.

पडवेतली काकी
गो चेडवा, माझा ऐक. वही, पासबुक होत रवात. पुढच्या चवथीक ता कणकवलीचा चेडू खंय जातला, ता आत्ताच ठरवा. माझ्या पडवेत एक खाट रिकामी आसा. मी एकटी, माका कोण काय इचारूचा नाय. भाडा नको. सांजेक दिवो लावूक कोणतरी होया.

माडाखालची (देवगड तालुका)
ताई, उसन्याचं वाचून बरं झालं. आम्ही नेमकं तेच करणार होतो. रविवारी कणकवलीत भेटतोय. दोन तिकिटांचे पैसे रोख, एका डब्यात, माझ्याकडे नाही, सावंतवाडीच्या भावाकडे.

काकी, तुमचा निरोप तिला वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारते, "त्यांच्याकडे मासे चालतत ना?"

पडवेतली काकी
चवथीच्या दिवसांत नाय. मागीर येताना बांगडे घेवन ये म्हणान सांग.