मदत हवी आहे: गड चढताना ठीक, उतरताना गुडघा दुखतो

वय ४६, पुणे. चार वर्षं दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. मे महिन्यापासून उजवा गुडघा कुरकुरतोय. चढताना काही नाही, उतरायला लागलो की दहा मिनिटांत वाटीच्या मागे ठणका. घरचा जिना उतरतानाही तेच. ऑफिसात दोन तास बसून उठलो की पहिली चार पावलं लंगडत. सूज नाही, गुडघा अडकत नाही, कुठे पडलो-मुरगळलो नाही.

उभं राहून काढलेला एक्स-रे नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "वाटीचा त्रास आहे, मांडीचे स्नायू बळकट करा." बाकी सगळे म्हणतात, "वंगण संपलं, झीज झाली."

खरी झीज आईच्या (७२) गुडघ्यात आहे. तिला आतल्या बाजूला दुखतं, सकाळी पंधरा-वीस मिनिटं पाय आखडलेला असतो, पाय थोडे बाकही धरलेत. भावाचं तिसरंच. बॅडमिंटन खेळताना पाय रोवून वळला आणि गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटली, मग गुडघा मध्येच अडकायचा. एका घरात तीन गुडघे, तीन कारणं, आणि उपाय सगळ्यांना एकच: निर्गुडीचा शेक! (शेकून बरं वाटतं, ते खोटं नाही.)

एमआरआय करून घेऊ का? आणि गड किती दिवस बंद ठेवू?

प्रतिसाद १
मी फिजिओ आहे. न तपासता निदान करणार नाही, पण वर्णन वाटीच्या दुखण्याशीच जुळतंय. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावतो, तेव्हा वाटी मागच्या हाडावर दाबली जाते. यात एमआरआय सहसा लगेच लागत नाही. मांडीबरोबर खुब्याच्या बाजूचे स्नायूही बळकट करा, ते बहुतेक जण विसरतात. फरक पडायला सहा ते बारा आठवडे धरा. सूज आली, गुडघा अडकला किंवा पाय एकदम लचकायला लागला, तर परत डॉक्टरांकडे जा. आणि कधीकधी खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, तेही तपासायला सांगा.

धागाकर्ता
खुब्याचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद! म्हणजे चढणं चालू ठेवून खाली जीपने आलो तर चालेल का? ग्रुपमधले चिडवतील, पण चिडवू देत.

प्रतिसाद १
चढताना खरंच दुखत नसेल तर चालेल. पुढे उतरायला लागाल तेव्हा दोन काठ्या घ्या, एक नको.