वेताळाचे चित्रकार: साय बॅरी

वेताळ, म्हणजे कॉमिक्समधला मुखवटाधारी नायक ‘फँटम’, याची चित्रे ली फॉक काढत, असे काहीजण म्हणतात, त्यात थोडी भर घालतो. फॉक हे वेताळाचे जनक आणि कथालेखक. चित्रे मात्र 1936 पासून आधी रे मूर यांनी, मग विल्सन मॅकॉय यांनी काढली. 1961 मध्ये मॅकॉय यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी हे काम साय बॅरी यांच्याकडे आले, ते त्यांनी 1994 पर्यंत सांभाळले. त्याआधी ते इतरांच्या पेन्सिलचित्रांवर शाई चढवत असत, आणि हा सराव त्यांच्या रेषेत स्पष्ट दिसतो: मॅकॉय यांच्या साध्या, सपाट आकृत्यांच्या जागी पिळदार स्नायू आणि वेताळाचे घर असलेल्या कवटीच्या गुहेतला गडद काळोख आला. 1977 मधले वेताळ आणि त्याची प्रेयसी डायना यांचे लग्नही बॅरी यांनीच रंगवले. मराठी इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेल्या माझ्यासारख्या अनेकांच्या मनातला वेताळ हा बॅरी यांचाच आहे, म्हणून फॉक यांच्याबरोबर त्यांचेही नाव आवर्जून घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.