रानवाटा : गोव्याच्या रानात तुम्ही चाललेली वाट सांगा

व्हाळकाठ
काल लेक ट्रेकवरून आली. माणशी १२०० रुपये, त्यात नाश्ता, गाईड आणि एक टोपी. सत्तरी तालुक्यात चोर्ला घाटाच्या पायथ्याला कुठलासा धबधबा. फोटो दाखवत होती, तिसऱ्या फोटोला मी म्हटलं, थांब. व्हाळात, म्हणजे ओढ्यात, हत्ती बसावा तसा काळा फत्तर. अगं, हा आमच्या वाटेवरचा! ह्याच वाटेने मी आजीबरोबर वाळपयच्या बाजाराला जायचो. तिच्या डोक्यावर केळीचा घड, माझ्या डोक्यावर सुपाऱ्यांची पिशवी. टोपी कुणी दिली नाही कधी, उशीर झाला तर शिव्या तेवढ्या मिळायच्या.

आजीला पूर्व-पश्चिम काही कळत नव्हतं. परत येताना नियम एकच : "व्हाळाचो आवाज उजव्या हाताक दवर, घर चुकचें ना." म्हणजे ओढ्याचा आवाज उजव्या हाताला ठेव, घर चुकणार नाही. उन्हाळ्यात हे शंभर टक्के चालायचं. पण एका श्रावणात मी एकटाच परत येत होतो, दहा-अकरा वर्षांचा असेन. आणि बघतो तर चारी बाजूंनी व्हाळ गर्जताहेत. उजवीकडे पाणी, डावीकडे पाणी, मागेही पाणी. चार वाजता दिवेलागणीसारखा काळोख. चक्क रडत उभा राहिलो. मग धुराचा वास आला. धनगर गोठ्यात माश्या पळवायला ओल्या लाकडांचा धूर करतात ना, तो. नाक धरून, म्हणजे नाकाच्या मागे मागे, गेलो. धनगरणीने वाटीभर दूध पाजलं आणि घरापर्यंत आणून सोडलं. वाटेत एक शब्द बोलली नाही. आजी मात्र दोन दिवस बोलत होती.

लेकीला हे सांगितलं तर म्हणते, बाबा, लोकेशन का नाही शेअर केलंत.

तुमचीही एखादी वाट असेलच. लिहा. जळवा, गवे, चकवा, काहीही चालेल.

भिरंडसोलां
जळवा म्हणालात म्हणून. मीठ नेऊ नका, पावसात विरघळून जातं. तंबाखू रात्रभर भिजवायचा, त्या पाण्यात मोजे बुडवून वाळवायचे. आमचा मामा तंबाखू-चुन्याची पुरचुंडी काठीच्या टोकाला बांधायचा आणि जळवेला नुसती टेकवायचा, पट्कन गळते. ओढून काढायची नाही. चावलेलं कळतच नाही, चप्पल लाल दिसली की कळतं. आणि रक्त थांबता थांबत नाही, ते गोठू नये म्हणून ती काहीतरी सोडते आत. माझ्या तर एकदा... जाऊ दे, जेवायची वेळ आहे.

कदंबाची खिडकी
सांगाच आता.

भिरंडसोलां
कानाच्या मागे. बसमध्ये शेजारच्या बाईने दाखवली. किंचाळली ती, मी नाही.

फळा आणि खडू
नेत्रावळीच्या वर डोंगरात शिक्षिका होते, नव्वदच्या दशकात. बस नेत्रावळीत सोडायची, पुढची चढण पायी. सोमवारी चढायचं, शनिवारी उतरायचं. वरून दोन-तीन मुलं निम्म्या वाटेवर घ्यायला यायची, सातवी-आठवीतली, एकाच्या हातात कोयता. मला वाटायचं बाईंचा मान म्हणून येतात. नंतर कळलं, त्यांच्या आयांनी पाठवलेलं असायचं, "बाय पडटली", बाई पडतील, म्हणून.

एकदा धुक्यात वळण घेतलं आणि समोर सात-आठ काळे दगड. कालपर्यंत नव्हते हे, एवढं मनात येईतो एका दगडाने कान हलवला. गवे. मागच्या मुलाने काही न बोलता माझ्या हातातली छत्री घेऊन मिटली. लाल होती. मग आम्ही तिघं तशीच उभी. वास येतो आधी, गोठ्यासारखाच पण उग्र. पुढच्या नराने नाकातून असा फुसकारा सोडला की माझ्या हातातला डबा वाजला. मग एकेक करून कारवीत शिरले. एवढं अवजड जनावर, पण पान वाजलं नाही. गोव्याचा राज्यप्राणी म्हणून पुस्तकातून शिकवत होते मी तो धडा!

मुलांनी मग नियम सांगितला : वळणाच्या आधी मोठ्याने बोलायचं, खोकायचं, गाणं म्हणायचं. गव्याला दचकवायचं नाही. मी पाढे म्हणायला लागले. एकोणतिसाचा पाढा माझा त्या चढणीवर पाठ झाला.
(कुकरची शिट्टी झाली, बाकीचं नंतर.)

पुणे टू फोंडा
मी गोव्यात नवीन, दोनच वर्षं झाली. एक बेसिक प्रश्न. बूट कुठले घ्यावेत? वॉटरप्रूफ घेतले तर पाणी आत जाऊन बाहेरच येत नाही. आणि परवानगी कुठे काढायची?

भिरंडसोलां
प्लास्टिकचे सँडल. नाहीतर अनवाणी 😄

व्हाळकाठ
पुणेकर, चिखलात पकड देणारे, झटकन वाळणारे साधे कापडी बूट बघा. शेवाळलेल्या दगडावर कुठलाच बूट कामाचा नाही, तिथे काठी आणि बसून उतरणं. परवानगीचं म्हणाल तर अभयारण्याच्या गेटवर नोंद करून तिकीट काढावं लागतं, आणि पावसाळ्यात काय उघडं काय बंद हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. २०२३ च्या जुलैत नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, त्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदीच आली होती.

सोनावळी हॉल्ट
कुळ्याहून रुळांच्या कडेने दूधसागर. मीटरगेज होती तेव्हा. कॉलेजचे पाच जण, घरी सांगितलेलं मडगावला सिनेमा. स्लीपरवरून चालून बघा कधी, एकेक धरला तर ढांग आखडते आणि एक सोडून टाकली तर पुरत नाही. तासाभरात मांड्या बोलायला लागतात. एका बोगद्यात मधोमध असताना पायाखालची खडी थरथरली. आवाज नाही, आधी नुसती थरथर. भिंतीत गँगमनसाठी कोनाडे असतात, एकात आम्ही तिघं, पुढच्यात दोघं. मालगाडी होती. संपेचना. नाकापासून हातभर अंतरावरून एकेक डबा जातो आणि वरून भिंतीचं पाणी मानेत गळतंय. बाहेर आल्यावर आमच्यातला सगळ्यात जास्त बडबड्या धबधबा न बघताच परत फिरला.

तेव्हा कुणी हटकत नव्हतं. आता मुळीच करू नका. २०२३ च्या पावसात असे रुळांवरून गेलेल्यांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ पाहिला असेल सगळ्यांनी. ३१० मीटरचा धबधबा गाडीच्या खिडकीतूनही दिसतो. गुडघेही शाबूत राहतात.

कदंबाची खिडकी
सिनेमा कुठला सांगितला होतात?

सोनावळी हॉल्ट
तिथेच तर पकडलो गेलो. वडिलांनी गोष्ट विचारली.

रोयण
कुणी आळमी, म्हणजे रानातली अळंबी, काढायला गेलंय का? माझ्या बाबतीत वाट वगैरे नंतर, आधी आळमी.

भिरंडसोलां
जागा सांगा.

रोयण
बाप मुलाला सांगत नाही, तुम्हाला सांगू? 😂 पण एक सांगते. आमचे आजोबा रोयणीवरची (वारुळावरची) सगळी आळमी कधी काढत नसत. छत्री उघडलेल्या दोन-चार ठेवायच्याच. ती आळमी वाळवीच्या वारुळातूनच येते, वाळवीच तिला आत पोसते. न उघडलेल्या कळ्या महाग विकल्या जातात म्हणून लोक सगळ्याच खुडतात. मग बी पडणार कुठून? वारूळच कुदळीने फोडणारे पण पाहिलेत. आणि अभयारण्याच्या हद्दीत काढायला मनाई आहे. रस्त्याकडेला पानात बांधून शेकड्याचा भाव सांगतात तेव्हा विचारून बघा कुठली म्हणून, सगळे म्हणतात "आमच्या भाटांतली", म्हणजे बागेतली.

गेल्या वर्षी भाव ऐकून मी खरंच घरी आले आणि अंड्याचा शाकुती रस्सा केला.

कोतीगावचा जावई
सासुरवाडी काणकोणची. लग्नानंतर पहिल्याच एप्रिलात मेव्हण्याने कोतीगावात नेलं. झाडावरचं मचाण आहे तिथे पाणवठ्यावर. चार तास बसलो, दिसलं एक शेकरू आणि मेव्हण्याची घोरणारी आकृती. पण येताना बरोबरच्या वेळीप समाजातल्या म्हाताऱ्याने एक गोष्ट दाखवली. माट्टीचं झाड, तुमच्याकडे ऐन म्हणतात ते, सुसरीच्या पाठीसारखी साल. खोडावर एके ठिकाणी फुगवटा होता. त्याने बोटांनी ठोकून ऐकलं आणि कोयत्याचं टोक मारलं. पिचकारी! ऐन उन्हाळ्यात खोडातून पाणी. प्यालो, लोखंडी नळासारखी चव. नंतर त्याने चिखलाने ते भोक बुजवलं. सगळ्याच झाडांत नसतं म्हणाला, आणि उगाच भोकं पाडू नकोस असंही म्हणाला. मी घरी येऊन सासऱ्यांच्या परसातल्या माट्टीला तासभर ठोकत बसलो होतो. सासरे खिडकीतून बघत होते, हे नंतर कळलं.

पुणे टू फोंडा
हा ऐन श्लेष मुद्दाम का? 😀

कोतीगावचा जावई
आत्ता तुम्ही म्हटल्यावर दिसला.

म्हादयपोर
गंमत चाललीये, पण पाण्याचं एक लिहितोच. सहा वर्षांपूर्वी आम्ही आठ जण, सत्तरीतच. डोक्यावर ऊन होतं, कोंडीत (डोहात) मजेत डुंबत होतो. बरोबरचा गावचा माणूस काठावर विडी ओढत बसलेला. एकदम उठला आणि ओरडला, "भायर सर! सगळे!" आम्ही हसलो. त्याने एकाचा दंड धरून ओढलाच. त्याला काय दिसलं होतं? पाण्यावरून सुकलेली पानं यायला लागली होती आणि पाण्याचा रंग किंचित चहासारखा झाला होता, बस. वर घाटात कुठेतरी पाऊस कोसळला होता. आम्ही कपडे ठेवले होते तो दगड दहा-पंधरा मिनिटांत पाण्याखाली. माझा मोबाईल, पाकीट, एकाची पँट, सगळं म्हादई नदीला. परत येताना तो मित्र टॉवेल गुंडाळून कदंब बसमध्ये बसला, कंडक्टरने तिकीट मागितलं नाही.

मैनापीची बातमी वाचली त्या दिवशी मला पहिल्यांदा ती पानं आठवली.

फळा आणि खडू
बापरे. त्या माणसाला भेटलात का परत?

म्हादयपोर
दर चवथीला जातो. विडीचं बंडल नेतो. आता सोडलीय म्हणे, तरी ठेवून घेतो.

घाटमाथा
सगळं छान, पण गावच्या माणसाचं कुणीतरी बोला. १९९९ मध्ये रान अभयारण्य झालं तेव्हापासून आमच्या पोरांना काजूच्या बागायतीत जायला पण गेटवर सांगून जावं लागतं, आणि शनिवार-रविवारी पन्नास गाड्या स्पीकर लावून येतात. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले तेव्हा सगळ्यांना सत्तरी आठवली. गुरं ज्यांची गेली त्यांना वेळेवर भरपाई मिळाली असती तर? वाघ पाहिजेच, मी नाही म्हणत नाही. पण वाट आमच्या पायांनी पडली होती.

पुणे टू फोंडा
स्पीकरवाल्यांत मी नाही हो.

घाटमाथा
तुम्ही बूट विचारणारे, तुम्हाला माफ.

कदंबाची खिडकी
वाळपय स्टँडसमोर मिरची भजी मिळायची संध्याकाळी, अजून असते का?

रोयण
म्हातारा गेला. मुलगा चालवतो. भजी तीच, चटणी ती नाही.

व्हाळकाठ
सगळ्यांचं वाचतोय, दिवसभर दुकानात गिऱ्हाईक कमी आणि तुम्ही जास्त. घाटमाथा, तुमचं पटलं. लेकीला तेच दाखवलं, ती गप्प झाली.

एक राहिलं होतं. आमच्या वाटेवर चढण संपते तिथे एक पाषाण होता, राखणदाराचा. येता-जाता प्रत्येकाने एक हिरवा टाळा, म्हणजे पानांची डहाळी, टाकायचा. आजी ओझं न उतरवता, पायाच्या बोटांनी टाळा उचलून टाकायची. आज भावाला फोन करून विचारलं, अजून आहे का तो. म्हणाला, वाट रानमोडीच्या झुडपांनी बुजलीये, बाजाराला आता कोण चालत जातं? पण मागच्या आठवड्यात तो गुरं शोधत तिकडे गेला होता. पाषाण आहे. आणि वर टाळे होते, हिरवे. कुणी टाकले ते त्यालाही माहीत नाही.

लेक म्हणते रविवारी जाऊ. मी भावाला कोयता घासून ठेवायला सांगितलंय.

रोयण
जाताय तर रोयणींवर लक्ष ठेवा. सापडली तर दोन ठेवून या, बाकीच्यांचा फोटो नको, थेट पानच घेऊन या.