दिन साजरा करायचा की पाळायचा?

इथल्या मंडळाच्या अंकासाठी एक छोटा लेख लिहितेय, त्यात अडकले. कॅलिफोर्नियात ३० जानेवारी हा फ्रेड कोरेमात्सु दिन, २०१० साली राज्याने तसा कायदाच केला. सुट्टी वगैरे नाही, शाळांनी त्या दिवशी त्याची आठवण जागवावी एवढंच. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेचं सरकार तिथल्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत पाठवायला लागलं तेव्हा त्यांच्यातलाच हा कोरेमात्सु गेला नाही, पकडला गेला, १९४४ ला सुप्रीम कोर्टातही हरला आणि दोषी ठरवल्याचा निकाल रद्द व्हायला १९८३ उजाडलं. मी लिहिलं 'दिन साजरा केला जातो' आणि मलाच कसंतरी झालं. साजरं काय करायचंय त्यात?

> मग 'पाळतात' लिहा की. आपल्याकडे ३० जानेवारीलाच हुतात्मा दिन, अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळतातच.

>> नाही हो, पाळणं म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी न करणं. सुतक पाळतात, बंद पाळतात, पथ्य पाळतात, मौन पाळतात. इथे तर मुलांना शिकवायचंय.

> आम्ही वऱ्हाडातले, आमच्याकडे साजरं म्हणजे नुसतं छान, देखणं. 'पोरगी साजरी आहे' असं म्हणतो, दुरून डोंगर साजरे मधलं पण तेच. म्हणजे साजरा करणे = दिवस नटवणे, रांगोळी, हार, फोटो. म्हणून १ डिसेंबरच्या बातम्यांत 'एड्स दिन उत्साहात साजरा' वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. परिपत्रकं लिहिणाऱ्यांना एकच क्रियापद येतं, त्याला कोण काय करणार!

> माझ्या मते दिनाच्या आधीचा शब्द बघायचा. मराठी भाषा गौरव दिन (२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, १ मेच्या राजभाषा दिनाशी गल्लत करू नका प्लीज) खुशाल साजरा करा. स्मृतिदिन पाळा. जनजागृती दिनाला दोन्ही बसत नाही, तिथे 'दिनानिमित्त' लिहून पुढे खरं काय करतात ते सांगून टाकायचं. आणि सगळ्यांनी 'दिन' मधली दि ऱ्हस्व लिहा रे बाबांनो, दरवर्षी कुठेतरी 'महाराष्ट्र दीन' चा बॅनर लागतोच, बिचारा.

पटलं. क्रियापदच काढून टाकलं: 'कोरेमात्सु दिनी शाळांमधून मुलांना त्याची गोष्ट सांगतात.'